ठासूनच्या गोंधळाला एकतीस जण

“आणि ह्यातला तू कुठला?” अण्णांनी विचारलं.

समाधाननं लॅपटॉपवरचं गाणं थांबवलं. हसला. म्हणाला, “अण्णा, मीच तर गातोय.”

“ते कळलं. बाकीचं कोण करतंय?”

समाधान लोखंडे म्हणजे पोरं ज्याला एमसी ठासून म्हणतात तो. रॅप करतो. ठेक्यावर भराभर बोलायचं, त्याला रॅप म्हणतात. त्यात शिव्या असतात, पण खोटं नसतं, म्हणून मला चालतं.

सतराव्या वर्षी तो आमच्या बार्शीच्या घरी संबळ शिकायला आला होता. सटवाजी उगले, म्हणजे अण्णा, माझे सासरे. पंचेचाळीस वर्षं गोंधळ घालतात. समाधाननं दोन वर्षं त्यांच्यामागं दिवटी धरली, मग हातात संबळाची काठी आली, आणि काठी नीट बसायच्या आत तो पुण्याला पळाला. आता परत आला तो गाडी घेऊन, माइक घेऊन आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवून.

बारा वर्षांतली चौदा गाजलेली गाणी एकत्र निघणार होती. त्या संग्रहाच्या तोंडाला त्याला अण्णांचा आवाज हवा होता.

गोंधळाला उभं राहिलं की आम्ही आधी देवांना बोलावतो. एकेकाचं नाव घेऊन, गाव घेऊन हाक मारायची. कोणी राहू द्यायचं नाही. समाधानचं म्हणणं, अण्णांनी तशीच हाक मारायची, तुळजापूर, माहूर, कोल्हापूर करत यायचं, आणि शेवटाला बार्शीच्या ठासूनला बोलवायचं. मग धाडकन पहिलं गाणं. सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की माझी भाकरी तव्यावर करपली.

सगळं सहा वाजता मुंबईला पाठवायचं होतं. तेव्हा दोन वाजले होते.

अण्णा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त छापायचा कागद मागितला.

कागदावर समाधानचा फोटो होता. खाली चौदा गाण्यांची नावं. त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात, बीट, म्हणजे मागचा ठेका, कोणाची, मिक्सिंग कोणाचं. अण्णांना दिसेना, म्हणून मी वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती, संबळ, जुनी कॅसेट.

“कॅसेट संबळ वाजवती व्हय?”

समाधाननं समजावून सांगितलं. ह्याला सॅम्पल म्हणतात. जुन्या आवाजाचा तुकडा कापून घ्यायचा, तो गोल फिरवत ठेवायचा आणि त्याच्यावर आपलं गायचं. सगळ्या जगात असंच करतात. कॅसेटची कंपनी कधीच बंद पडली, वेष्टनावर कुणाचं नाव नव्हतं, आणि काही अडचण नाही असं वकिलानं लिहून दिलंय.

“ह्या तुकड्याच्या आधी हाक असंल,” अण्णा म्हणाले.

“होती. चार मिनिटं नुसती नावंच नावं. लोक थांबत नाहीत हो तेवढं. कापली.”

अण्णांनी कागद माझ्याकडं परत दिला.

मग उठले, आत गेले आणि दिवटी घेऊन आले. मला म्हणाले, “शेवंता, तेल घाल.”

भर दुपारी अंगणात दिवटी पेटवली. अण्णांनी ती समाधानच्या हातात दिली.

“बोलव.”

“कुणाला?”

“जे जे वाजलंय त्यांला. नाव घे, गाव घे. समदे झाले की दिवटी खाली. मग मी हाक मारतो.”

समाधानला वाटलं हे पाच मिनिटांचं काम. चष्मा कपाळावर सरकवला आणि स्टेजवर बोलतो तसा सुरू झाला. झुबेर तांबोळी, कोंढव्याचा. पहिल्या गाण्यापासून सगळ्या बीट त्याच्या. मग दोन रॅपर, एक गिटारवाला, एक बासरीवाला. सात-आठ नावं सपासप आली. नंतर आला डीजे स्मोकी.

“स्मोकी कुठल्या गावचा?”

समाधानला माहीत नव्हतं. सहा वर्षं एका खोलीत काम केलेलं. फोन लावला. पलीकडचा आधी हसला, मग गाव करकंब म्हणाला. अण्णा म्हणाले, आईनं ठेवलेलं नाव विचार. पलीकडनं बारीक आवाजात आलं, बाळकृष्ण. इकडं मी तेल ओतता ओतता हसले, तर अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी बुधली सरळ धरली.

तिथून मात्र धमाल सुरू झाली. एक नाव लागलं की दुसरं निघायचं. ह्या गाण्यात मागं टाळ्या आहेत, त्या कुणाच्या? होस्टेलच्या चार पोरांच्या. फोन. घुंगरं वाजतात ती कुठली? स्टँडासमोरच्या रसवंतीची. समाधाननं उसाचं यंत्र फिरताना मोबाइलवर आवाज धरला होता आणि रस पिऊन निघून आला होता. मी शेजारच्या घरातून नंबर आणला. रसवंतीवाला म्हणाला, दिगंबर जाधवर लिहा, आणि घुंगरं माझ्या बापानं बांधलीत, त्याचं पण लिहा, ज्ञानोबा.

समाधान आता दिवटी ह्या हातातून त्या हातात घेत होता. मनगटावर तेलाचे ओघळ आलेले. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. घाम गळत होता आणि बोलणं थांबत नव्हतं. एवढा हुरूप मी त्याच्यात शिकायला होता तेव्हाही बघितला नव्हता.

सहाव्या गाण्यात कंडक्टर ओरडते, गाडी कुर्डुवाडीला जाणार, मागं सरका. तेवढंच. पण पोरं नाचतात ती तिथंच. समाधान म्हणाला, कोण होती काय माहीत, त्या दिवशी गर्दी होती. अण्णा दिवटीकडं बघत बसले.

त्यानं डेपोला फोन लावला. डेपोनं दुसरा नंबर दिला, त्यानं तिसरा. दहा मिनिटांनी उलटा फोन आला आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात बाईनं विचारलं की मला न विचारता माझा आवाज नेणारा तो गुलाम कोण. समाधाननं तिचं सगळं ऐकून घेतलं. माफी मागितली. शेवटी बाई म्हणाली, सुलभा गव्हाणे, माढा, आणि रिटायर झालेय असं लिहू नको.

चार वाजून गेले. एकोणतीस नावं झाली.

समाधान थांबला.

“झालं?” अण्णांनी विचारलं.

“झालं. ती कॅसेट सोडली तर.”

“दुसऱ्या गाण्यात बाई गाती. ती?”

दुसरं गाणं मलाही पाठ आहे. लग्नाच्या वरातीत वाजतं. ठासूनचं बोलणं कुणाच्या ध्यानात राहत नाही, पण मध्ये ती पोरगी ज्या दोन ओळी गाते त्या शेंबडं पोरही म्हणतं. रेवती नाईकनवरे. दोघांचं वाजलं त्याला सहा वर्षं झाली. कागदावर तिचं नाव नव्हतं. समाधान म्हणाला, तिनं मुलाखतीत मला चोर म्हटलंय. तिचं नाव माझ्या तोंडातून यायचं नाही. हवं तर तिच्या दोन ओळी आजच्या आज दुसरीकडून गाऊन घेतो.

“घे,” अण्णा म्हणाले. “वरातीतल्या लोकांच्या तोंडातनं कशी काढशील?”

समाधाननं दिवटी खाली आणली. मला वाटलं, संपलं, हा आता माइक गुंडाळणार. गोंधळी म्हणून मला बोलायचा हक्क नाही, पण मला राहवलं नाही. म्हटलं, “भावजी, आमच्यात रुसलेल्या देवीला आधी हाक मारत्यात. चांगली असंल ती आपोआप येती.”

त्यानं माझ्याकडं रागानं बघितलं. बघू दे. मी बुधली पुढं केली.

दिवटी वर गेली. फोन लावला. ती उचलेपर्यंत सात-आठ वेळा घंटी वाजली.

काय बोलायचं ते त्याला सुचेना. चौदा गाणी लिहिणारा माणूस, आणि तोंडातून निघालं एवढंच, “रेवती, तुझं नाव छापायचंय. गाव काय लिहू?”



“मोहोळ,” ती म्हणाली. “पुणे लिहू नकोस. आणि माझं नाव तुझ्या नावाएवढ्याच अक्षरात.”

“हो.”

फोन बंद झाला. समाधान हसला की रडला ते धुरात कळलं नाही.

राहिला संबळ.

समाधान म्हणाला, “अण्णा, इथं मात्र ‘अज्ञात कलाकार’ लिहू. सगळे तसंच लिहितात.”

“अज्ञात तुला. त्याच्या बायकोला ठावं असंल की.”

अण्णांनी तो तुकडा लावायला सांगितला. कान लॅपटॉपला टेकवला. परत लाव म्हणाले. परत. चौथ्या वेळी त्यांचा हात मांडीवर वाजायला लागला आणि मध्येच अडखळला. त्यांनी हात बदलला. डाव्या हातानं वाजवायला गेले, तर ठेका बरोब्बर बसला. म्हातारा एकदम ताठ बसला.

“डावखुरा हाय,” म्हणाले. “वाकडी काठी डाव्या हातात धरतोय. वैराग बाजूचा हात हाय ह्यो.”

मग अण्णांनीच फोन ओढून घेतला. वैरागच्या लिंबाजी गोंधळ्याला लावला. लिंबाजीला ऐकू कमी येतं, म्हणून अण्णा ओरडत होते आणि लिंबाजी त्यांच्यावर ओरडत होता. डावखुरा एकच होता म्हणाला. कोंडिबा भिसे. नऊ वर्षांपूर्वी वारला. बायको पानगावला लेकीकडं असते.

पाचला पानगावला फोन लागला. लेकीनं म्हातारीच्या कानाला धरला. समाधाननं नमस्कार केला, कोण-कुठला सांगितलं. म्हातारीला रॅप, सॅम्पल काही कळलं नाही. तेव्हा त्यानं लॅपटॉप फोनजवळ नेला आणि नुसता संबळ लावला. झुबेरची बीट नाही, स्वतःचा आवाज नाही. नुसता संबळ.

संपला. 

“लई लवकर थांबिवलं,” म्हातारी म्हणाली. “शेवटाला खोकत्यात न्हवं का ते?”

समाधानचा चेहरा पांढरा पडला. त्यानं दिवटी माझ्या हातात देऊ केली, अण्णांनी मान हलवली, तशी परत घेतली. एका हातानं त्यानं जुनी फाइल शोधली, अख्खी, न कापलेली. लावली. संबळ वाजला, थांबला, आणि थांबल्यावर एक माणूस खोकला. कोरडा, दोनदा.

फोनवर म्हातारी हसली. लेकीला सांगत होती, तुझा बा हाय, बघ, तुझा बा.

समाधान मला म्हणाला, “वहिनी, हा खोकला मीच कापला होता. आवाज खराब होतोय म्हणून.”

मी तेल घातलं.

तिथंच अंगणात बसून त्यानं ते संबळाचं गाणं परत जोडलं. खोकल्यासकट. कागदावर त्यानं स्वतःचा फोटो छोटा केला आणि नावं मोठी केली. एका हातात अजून दिवटी होती म्हणून अक्षरं वाचत मीच सांगत गेले आणि तो एका बोटानं टाइप करत गेला. मी मध्ये एकदा चुकले तर अण्णांनी खडसावलं, गाव आधी का नाव आधी. नाव आधी. घेतलं परत.

सगळी मिळून एकतीस झाली. शेवटचं नाव टाइप झाल्यावर त्यानं दिवटी खाली ठेवली.

सहाला दहा मिनिटं कमी. माइक लिंबाच्या फांदीला टांगला. अण्णांनी डोक्याला पागोटं बांधलं, गळ्यात संबळ अडकवला. आधी त्यांनी आपले देव बोलावले, नेहमीसारखे, गावागावावरून. त्यात काही कमी केलं नाही.

आणि थांबले नाहीत. त्याच सुरात पुढं गेले. कोंढव्याच्या झुबेरला बोलावलं. करकंबच्या बाळकृष्णाला बोलावलं. मोहोळच्या रेवतीला, माढ्याच्या सुलभाबाईला. घुंगरं बांधणाऱ्या ज्ञानोबाला. होस्टेलच्या चार टाळ्यांना चार गावांवरून. वैरागच्या, डाव्या हाताच्या कोंडिबाला. एकेका नावाला संबळाची थाप पडत होती. भिंतीवर शेजारची माणसं चढून बसली होती. समाधान माइकजवळ हात जोडून उभा होता, चष्मा कधीच खाली पडलेला, ओठ हलत होते. प्रत्येक नाव तो अण्णांच्या बरोबरीनं घेत होता.

एकतिसावं नाव झालं. अण्णांनी शेवटची थाप मारली. काठी संबळावर आडवी ठेवली.

समाधान वाट बघत राहिला...

फाइल पाठवायला चार मिनिटं होती. माइक अजून चालू होता. तो अगदी हळू म्हणाला, “अण्णा... माझं?”

अण्णांनी गळ्यातला संबळ काढला.

“घरधन्याला कुणी हाक मारतं व्हय रं? तू दारात हुबा ऱ्हा. येत्याल एकेक.”