धुक्यातली साद

फार पूर्वी हिमालय ओलांडणाऱ्या करकोच्यांच्या थव्यात नियम झाला: पुढच्याने वळण्याआधी मोठ्याने सांगायचं आणि मागच्याने होकार दिल्यावरच वळायचं.

म्होरक्या भैरव चिडला. "या खिंडी मला पाठ आहेत. ओरडत उडायला मी काय नवशिका आहे?"

"तू काय करणार ते आम्हाला कळायला नको का?" मागे उडणारी शेवंता म्हणाली.

खिंडीत दाट धुकं उतरलं. भैरव कुरकुरतच ओरडला, "डावीकडे वळतोय!"

शेवंताच्या बाजूला धुकं जरा विरळ होतं. ती किंचाळली, "थांब! तिकडे कडा आहे!"

भैरवने स्वतःला सावरलं. गार खडक त्याच्या पंखाला चाटून गेला.

पलीकडे लख्ख ऊन होतं. तळं स्पष्ट दिसत असूनही भैरव खणखणीत आवाजात म्हणाला, "उतरतोय!"

आणि होकार येईपर्यंत थांबला.