हिऱ्यामागचं तूप

व्याह्यांसमोर हात नाचवत सरदार रायाजीराव अंगठीतल्या हिऱ्याचं कौतुक सांगत होते, आणि हिरा मात्र काचेच्या तुकड्यासारखा मख्ख बसला होता. व्याही गालात हसले. रायाजीरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्याने त्या हिऱ्याला पैलू पाडले होते, त्या सिदोबाला त्यांनी भर दरबारात उभं केलं आणि गरजले, "चोरा! माझा हिरा काढून काच बसवलीस?"

सिदोबाने अंगठी निरखली आणि वाटीभर कोमट रिठ्याचं पाणी मागवलं. अंगठीची उघडी पाठ त्याने कुंचल्याने घासली. पाण्यावर तुपाचा तवंग आला, आणि हिरा असा लखलखला की व्याह्यांनी डोळे बारीक केले.

"सरकार, हिऱ्याला स्वतःचा उजेड नसतो," सिदोबा म्हणाला. "समोरून शिरलेला उजेड मागच्या पैलूंवर आपटून परत येतो. मागे तूप साचलं की तो तिथूनच निसटतो. जेवताना अंगठी काढून ठेवावी."

पंगतीत सगळ्यांना दिसावी म्हणून रायाजीराव अंगठी घालूनच वरणभात कालवत, हे साऱ्या दरबाराला ठाऊक होतं. त्यांची मान खाली गेली. सिदोबाला जवळ बोलावून ते कानात पुटपुटले, "चुकलं माझं."

सिदोबाने हात जोडले. "सरकार, हिरासुद्धा समोरून घेतलेलं समोरूनच परत करतो. मला चोर म्हणालात ते भरल्या दरबारात."

रायाजीराव उभे राहिले. "सिदोबा चोर नाही," एवढं म्हणायला त्यांना दोनदा घसा खाकरावा लागला. चोर म्हणताना एकदाही लागला नव्हता.