आधी भरलेला पिंजरा

चूक माझ्या मार्गदर्शकांची, देशिंगकर सरांची होती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी लहूकाकांवर ढकलायला नको.

"काका, सरांनी अर्क पाजलेले उंदीर जास्त जगले. तोच अर्क मी पाजतो, तर माझे लवकर का मरतात?"

लहूकाका आमच्या प्रयोगशाळेचा उंदीरखाना सांभाळायचे. शिक्षण सातवी. मी सुवर्णपदकवाला. त्यांना हे विचारायला मला चार वर्षं लागली.

त्यांनी बारा उंदरांचा खोका पुढे सरकवला.

"सहा उचला, डॉक्टर."

"अजून झालो नाही डॉक्टर."

"उचला तर."

उचलले. सहाही गुमान हातात आले.

"आता उरलेले."

एक कडकडून चावला. दोन भुशात घुसले. एक बाहीत शिरला.

काका हसले. "सुस्त असतो तो आधी सापडतो. तुम्ही आधी कोणता पिंजरा भरता?"

"अर्काचा. महत्त्वाचा तोच ना."

"सर साध्या पाण्याचा भरायचे."

म्हणजे सुस्त, आधीच आजारी उंदीर सरांच्या पाण्याच्या पिंजऱ्यात गेले होते आणि माझ्या अर्काच्या.

ज्या शोधावर सरांची खुर्ची उभी होती, तो एवढाच. आणि माझा मूर्खपणाही तोच, फक्त उलट्या बाजूने.

काकांनी बिस्किटांचा डबा उघडला. आत बारा चिठ्ठ्या. सहांवर अर्क, सहांवर पाणी. कागद पिवळा पडलेला.

"ज्याला जी येईल ती," ते म्हणाले.

"हे कधीचं?"

"तुम्ही शाळेत होतात तेव्हाचं. साडेसोळा वर्षं झाली. सरांना दाखवलं होतं."

"मग?"

"म्हणाले, लहू, तू पिंजरे धू."

"आणि तुम्ही?"

"धुतले."

राग आला. दोघांचाही. आजही येतो.

चिठ्ठ्या टाकून प्रयोग पुन्हा केला. दीड वर्ष. दोन्ही पिंजऱ्यांतले उंदीर सारखेच जगले, सारखेच मेले. प्रबंधात तसंच लिहिलं. सरांनी सही केली नाही. पदवी हुकली.

निघायच्या दिवशी उंदीरखान्यात गेलो. ओला भुसा, भिजवलेले हरभरे, खिडकीत खरखरणारा रेडिओ. तो वास कुठे आला की अजून पाय थांबतात.

काकांनी अर्धा चहा बशीत ओतून कप मला दिला.

"काका, चुकलो का मी?"

त्यांनी बशीत फुंकर मारली.

"तुमची साडेपाच वर्षं गेली, डॉक्टर. माझी अठरा."