ताठ दोरा आणि बनियनचं कापड

शिलाई मशीन माणसांशी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. शेवंताबाईनं साऱ्या गल्लीचे कपडे शिवले, स्वतःसाठी मात्र कधी टाका घातला नाही. गुडघे धरले तेव्हा तिनं कागदी नमुना ठेवून बनियनच्या मऊ कापडाची पँट बेतली. मांडी घालून निवांत बसता यावं, एवढीच तिची हौस.

दोरा म्हणाला, "मी सरळ टीप मारणार. वाकडं चालणं आमच्या घराण्यात नाही."

कापड म्हणालं, "अहो, बाई बसली की मी ताणलं जाणार. मग तुम्ही काय करणार?"

"तू ताणलं जायचंच नाही! काही शिस्त आहे की नाही?"

पँट झाली. शेवंताबाई मांडी घालायला गेली आणि मागची टीप तडातडा तुटली. कापड धड होतं, दोऱ्याचे तुकडे झाले होते.

"मेलं, माझ्या नशिबातच सुख नाही," म्हणत तिनं पायपुसणं करायला कात्री उचलली.

मशीन खेकसली, "ठेव ती कात्री! बटण फिरव, नागमोडी टीप घाल."

रिळावरचा दोरा कुरकुरला, "लोक हसतील मला."

"हसू देत. तुझा ताठा घालून ती बसणार आहे का?"

कापड हळूच म्हणालं, "या हो. मी सांभाळून घेईन."

दोरा वळत वळत गेला. शेवंताबाई चहाचा कप घेऊन मांडी घालून बसली, टीप कापडाबरोबर ताणली गेली, तुटली नाही. सुनेनं आतून दोनदा हाक मारली. बाईनं आधी चहा संपवला.