शेवंतीची झोप

एक होता राजा. पाय पांघरुणात घ्या आधी, मग सांगते. सुमे, तुझेपण. हं. तर एक होता राजा. त्याच्याकडे हत्ती होते, घोडे होते, सगळं होतं, पण धीर म्हणून काडीचा नव्हता. आज आंब्याची कोय लावली की उद्या सकाळी विचारायचा, "कैऱ्या आल्या का?"

एकदा काय झालं, लांबच्या मुलखातून एक व्यापारी आला. त्यानं राजाला शेवंतीचं एवढंसं रोप दिलं. म्हणाला, "महाराज, याला पिवळीधमक फुलं येतात." त्या राज्यात शेवंती कुणी पाहिलीच नव्हती. राजा हरखला. त्यानं ठमा माळणीला बोलावून बजावलं, "हे रोप तुझ्या हवाली. पहिलं फूल येईल त्या दिवशी घरी जा. तोवर बागेबाहेर पाऊल टाकायचं नाही."

आता या ठमाची एक लेक होती, छबी. तुमच्याएवढीच, बरं का. आईच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. आणि घरात दिवा असला तरी यायची नाही. "आये, दिवा मालव ना, उजेड डोळ्यांत जातो," म्हणायची. तिला शेजारणीकडे सोडून ठमा बागेत राहायला आली. पण जीव सगळा घराकडे.

ठमानं रोप कुंडीत लावलं. शेंडे खुडले. खुडले की बाजूनं फुटवे येतात, म्हणून खुडायचे. रोप चांगलं जोम धरत होतं. पण राजाला कुठला दम! आठ दिवसांत म्हणाला, "फूल का नाही? पाणी कमी पडतंय. घाल पाणी!" मग ठमानं विहिरीवरून घागरींवर घागरी आणल्या. कंबरडं मोडलं बिचारीचं. पानं पिवळी पडली, फूल काही येईना.

मग राजा म्हणाला, "खत घाल!" मग शेणखताच्या पाट्या डोक्यावर वाहून वाहून तिची मान आखडली. पानं आली ही एवढाली, भाजी करावी अशी. फूल नाही.

मग राजेसाहेबांना तिसरी अक्कल सुचली. "उजेडानं झाडं वाढतात ना? मग रात्रीपण उजेड द्या!" कुंडीभोवती पणत्यांचं कडं मांडलं. राजा म्हणाला, "मी सज्जातून बघत बसणार. एक जरी पणती विझली, तर तुला छबीसकट राज्याबाहेर हाकलीन." झालं! ठमा रात्रभर तेल घालते, वाती सारते, आणि दिवसा रोपाचं बघते. पाय सुजले, डोळे चुरचुरायला लागले. बसलं तर डोळा लागेल, म्हणून ती बसायचीसुद्धा नाही. माणसानं दमायचं तरी किती?

आणि रोप? कमरेएवढं वाढलं, पण कळीचं नाव नाही.

असंच एकदा तेल घालताना तिला जांभई ऐकू आली. वाटलं, आपणच दिली. मग पुन्हा आली. तिनं तोंड दाबून धरलं. मग तिसऱ्यांदा आली, तेव्हा कळलं, अगंबाई, ही तर कुंडीतून येतेय! तुम्ही कशाला देताय जांभया? गोष्ट आहे अजून.

शेवंती बारीक आवाजात म्हणाली, "आये, दिवा मालव ना. उजेड डोळ्यांत जातो."

छबीचेच शब्द! पणत्या मालवाव्या तर लेकीला घेऊन जायचं कुठं? न मालवाव्या तर हे लेकरू जागं. मग तिनं काय केलं, चार काठ्या रोवल्या, स्वतःच्या अंगावरची घोंगडी शेवंतीवर घातली आणि चहूकडून नीट खोचली. पणत्या बाहेर तशाच जळत राहिल्या. राजानं वरून बघितलं, दिवे आहेत ना, आहेत. आत मिट्ट काळोख. शेवंती गाढ झोपली. ठमा मात्र जागी, आणि वर थंडीनं कुडकुडतेय. पण दोघींतली एक तरी झोपली, म्हणून तिला बरं वाटलं.

मग रोजच असं. दिवस मावळला की घोंगडी घालायची, उजाडलं की काढायची. राजा रात्रभर सज्जात, म्हणून दिवसभर अंथरुणात. त्याला काय पत्ता! इकडे शेवंतीला हरभऱ्याएवढ्या कळ्या धरल्या. मग बोराएवढ्या झाल्या.

एका संध्याकाळी राजाला राहवेना. स्वतःच खाली आला. बघतो तर रोपावर घोंगडी! "हे काय? कुणाला विचारून झाकलंस?" असा ओरडला, असा ओरडला, की झाडावरची पाखरं उडाली.

ठमाला भ्यायचंसुद्धा त्राण नव्हतं. ती म्हणाली, "महाराज, हाकलायचं तर हाकला. पण हळू बोला. ती आत्ताच झोपलीय."

राजानं घोंगडी ओढली. आणि काय सांगू तुम्हाला! झाकताना नुसत्या कळ्या होत्या, आता सगळं रोप फुललेलं. पिवळंच पिवळं, पान म्हणून दिसेना. राजा बघतच राहिला. म्हणाला, "ठमे, माग काय हवं ते. सोनं माग, गाव माग."

पण ठमा कुंडीला टेकून झोपून गेली होती.

मग राजानं तिच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. त्याला फार वाईट वाटलं. त्यानं चाकरांना खूण केली, गप्प. मग स्वतः खाली वाकून एकेक पणती मालवली. मेणा मागवला आणि भोयांच्या कानात सांगितलं, "धक्का लागता कामा नये."

ठमा घरी पोचली ती झोपेतच. छबी शेजारणीच्या उंबऱ्यात जागीच बसली होती, ती धावत आली. तिनं आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं, आणि मिटले डोळे. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी राजानं देवळातली घंटा वाजवू दिली नाही.

पुढं त्या शेवंतीचे फुटवे घरोघर गेले. राजाला धीर आला. थोडाच आला, पण आला. ठमा रोज संध्याकाळी घरी जायला लागली, आणि सगळी सुखानं राहिली. तुम्हीपण राहा, पण आता झोपा. सुमे, पदर ओढू नकोस माझा. बरं, राहू दे. धर. मालवते मी दिवा.