घडी न मोडलेलं लुगडं

नदीकाठच्या एका गावात नागोजी नावाचा साळी राहायचा. हातमागावर रेशमी लुगडी विणणं हा त्याचा पिढीजात धंदा. पण विणकराचं नशीब मोठं विचित्र बघा. लुगडं मागावरून उतरलं की पेढीवाल्याच्या गाठोड्यात जातं. ते कोण नेसलं, कुठल्या लग्नात मिरवलं, नेसणारीला शोभलं की नाही, हे विणणाऱ्याला कधी कळत नाही. नागोजीने जन्मभर लुगडी विणली, पण आपलं लुगडं नेसून एखादी बाई समोरून चालत गेलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

त्याला एकच मुलगी, द्वारका. आई लहानपणीच गेलेली. द्वारकेचं लग्न पलीकडच्या गावातल्या धान्याच्या व्यापाऱ्याशी ठरलं, तेव्हा नागोजीने पेढीचं काम बाजूला ठेवलं आणि लेकीसाठी लुगडं मागावर चढवलं. उभे धागे जांभळे, आडवे हिरवे. घरात पाहिलं तर ते नुसतं जांभळं दिसायचं. पण नेसून कुणी उन्हातून चाललं, की पावलागणिक त्यातून हिरवी झाक मारणार होती. लग्नात सासरचा शालू नेसायचा, म्हणून हे लुगडं त्याने पाठवणीच्या वेळी लेकीच्या हातात ठेवलं.

"द्वारके, जतन कर हो," एवढंच तो म्हणाला.

द्वारकेने बापाचा शब्द मनात पक्का धरला. सासरी गेल्या गेल्या तिने सागवानी पेटी रिकामी केली, तळाला कडुनिंबाचा पाला घातला, वर मऊ धोतराचा तुकडा अंथरला आणि त्यावर लुगडं ठेवलं. पेटीला कुलूप घातलं. किल्ली कमरेला.

आता नवं लुगडं पहिल्यांदा नेसायचं म्हणजे त्याची घडी मोडायची. ही घडी मोडायला बायका कितीदा लाडाने नणंदेला नाही तर जावेला देतात. द्वारकेची नणंद चंपा माहेरपणाला आली होती. तिने हौसेने विचारलं, "वहिनी, घडी मी मोडू का हो? देवळात जाऊन येते आणि लगेच परत देते."

"वन्सं, दुसरं काहीही मागा," द्वारका म्हणाली. "ते आबांनी मला जतन करायला दिलंय."

"करा बाई जतन! पण लुगड्याला मिशा फुटायच्या आत एकदा तरी नेसा."

ओसरीवरच्या सगळ्या बायका खो खो हसल्या. द्वारका मात्र हसली नाही. बापाने आपल्या हाताने घातलेली घडी दुसऱ्या कुणी का मोडावी, आणि आपण तरी का मोडावी, असं तिला आतून वाटत होतं. घडी राहिली म्हणजे लुगडं राहिलं, हा तिचा हिशेब.

नागोजी अधूनमधून लेकीकडे यायचा. खांद्यावर पिशवी, पिशवीत नातवंडांसाठी चुरमुऱ्याचे लाडू. पाण्याचा तांब्या खाली ठेवतो न ठेवतो तोच विचारायचा, "नेसलीस का गं?"

"घडीसुद्धा मोडली नाही, आबा! या ना, दाखवते." ती मोठ्या अभिमानाने पेटी उघडायची. म्हातारा वाकून आत बघायचा. पेटीतल्या अंधारात त्याला जांभळा चौकोन दिसायचा.

"मधून मधून घडी फिरवतेस ना? रेशीम एकाच घडीवर राहू देऊ नये."

"हो हो," ती म्हणायची आणि झाकण लावायची. मनात म्हणायची, आबांचं काय, त्यांचं विणून झालं. जपायचं तर मला आहे.

एकदा निघता निघता तो उंबऱ्यात थांबला. "द्वारके, एकदा नेसून अंगणातून चाल की. माझे डोळे आहेत तोवर बघेन म्हणतो."

"अहो, नेसणारच आहे. पाडव्याला या, पाडव्याला नेसते."

पाडव्याला तो आला. पण त्या दिवशी घरात श्रीखंड-पुरीचा घाट, हात तेलातुपाचे. संक्रांतीला आला, तर कडेवरचं पोर सर्दीने बेजार. लुगड्याला नाक पुसलं तर? पुढच्या सणाला आभाळ भरून आलं होतं. प्रत्येक सणात द्वारकेला काही ना काही खोट दिसायची, आणि नागोजी आपला "असू दे, असू दे" म्हणत जेवून परत जायचा. खोटं कशाला बोला, तो गेला की तिला जरा सुटल्यासारखंच वाटायचं.

बारीक धाग्याने विणकराची नजर खाल्ली. आधी तुटलेला धागा सापडेना, मग माग बंद झाला, आणि एक दिवस निरोप आला की नागोजीला आता काहीच दिसत नाही. द्वारका रडत गेली आणि बापाला आपल्या घरी घेऊन आली. अंगणात बाज टाकून त्याला बसवलं. म्हातारा उन्हात बसून राहिला. लुगड्याचं नाव त्याने काढलं नाही. त्याने काढलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाईघाईने आत गेली, पेटी उघडली, लुगडं हातात घेतलं आणि झटकून उलगडलं.

चर्र असा आवाज झाला.

बाहेर म्हाताऱ्याची मान वळली. "गेलं का गं?"

जिथं जिथं घडी होती, तिथं तिथं रेशीम सरळ रेघेत चिरलं होतं. ना उंदीर लागला होता, ना कसर. ती तसंच लुगडं उराशी धरून बाहेर आली आणि बाजेपाशी बसली.

"आबा, मी त्याला बोटसुद्धा लागू दिलं नाही हो. एवढं जतन केलं…"

"तू ठेवलंस, पोरी. जतन नाही केलंस." तो रागावला नव्हता. चाचपडत त्याने लुगड्याचं टोक हातात घेतलं. "जतन म्हणतात त्याला पुष्कळ काम असतं. बाहेर काढायचं, वारा द्यायचा, घडी फिरवायची. नेसायचं, धुवायचं, उसवलं तर टाका घालायचा. रेशमाला माणसाचा हात लागत राहावा लागतो."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं की गं."

द्वारकेने मान खाली घातली. मग डोळे पुसून आत गेली आणि ते फाटकं लुगडं नेसली. चिरा निऱ्यांमध्ये दडवल्या, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि अंगणात उतरली. उन्हात पहिलं पाऊल टाकलं, तर जांभळ्यातून हिरवं उजळलं. इतक्या वर्षांत तिने स्वतःसुद्धा ते पाहिलं नव्हतं. आणि सवयीने, लेकी बापाला विचारतात तसं, ती विचारून गेली,

"आबा, कसं दिसतंय?"

शब्द गेला आणि तिने जीभ चावली.

नागोजीने आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं. "तूच सांग आता," तो म्हणाला. "तू चाल आणि मला सांगत जा."

ती चालू लागली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा परत. जमेल तसं सांगत होती. मध्येच थांबली की म्हातारा म्हणायचा, "हं, पुढं?" दर फेरीला लुगडं आणखी थोडं फाटत होतं, आणि ते दोघांनाही ऐकू येत होतं.

तात्पर्य: कुलपात ठेवणं म्हणजे जतन करणं नव्हे. जिला वापर मिळतो, हात लागतो, निगा राहते, तीच वस्तू जतन झाली म्हणावी. आणि ज्या माणसाच्या आनंदासाठी ती बाहेर काढायची, त्याला कधीही पुढच्या सणाचा वायदा करू नये.