नदीने दिलेली आमराई

खूप जुन्या काळी, सरहद्दीवर कुंपणं नव्हती, नुसते दगड असायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. वाडवडिलांनी करार केला होता, शीव दगडांची, नदीची नाही. आणि रीत अशी, की दर दिवाळीला आपले दगड शेजाऱ्याने चुन्याने रंगवायचे, शेजाऱ्याचे आपण.

ऐलतीरावर नवी राणी गादीवर बसली. वयाने लहान, स्वभावाने भित्री. स्वतःच्याच नगाऱ्याला दचकायची.

त्याच पावसाळ्यात नदीने पात्र बदललं. पैलतीराची अख्खी आमराई ऐलतीराला आली.

प्रधानजी हरखले. "राणीसरकार, नदीमाईनेच ओटी भरली! घ्या पदरात."

"पण करार?"

"तो थोरल्या महाराजांचा. आता राज्य आपलं. पलीकडचा राजा म्हातारा, सैन्य मूठभर. सोडलीत तर लोक म्हणतील, बाई घाबरली."

घाबरली तर ती होतीच. लोक हसतील याची भीती, आणि उद्या आपला शब्द कुणी खरा मानणार नाही याचीही. दुसरी भीती मोठी निघाली.

दिवाळी आली. राणी चुन्याची बादली घेऊन आमराईत गेली आणि शेजाऱ्याचा दगड रंगवू लागली. पैलतीरावर म्हातारा राजा नातवाचं बोट धरून उभा होता. तो ओरडला, "पोरी, वरची बाजू राहिली बघ!"

राणी दचकली. मग हसली आणि तिने वरची बाजूही रंगवली.

"आंबे गेले, हात तेवढे पांढरे झाले," प्रधानजी पुटपुटले.

वर्षं लोटली. म्हातारा राजा गेला, नातू गादीवर आला. त्याचं सैन्य आता दांडगं होतं. आणि नदी पुन्हा फिरली. या खेपेला ऐलतीराचा सगळा गव्हाचा पट्टा पलीकडे गेला. तो गेला तर राज्य उपाशी.

दिवाळीच्या सकाळी वर्दी आली, "सरकार, पलीकडची माणसं आपल्या गव्हाच्या रानात उतरलीत!"

राणीच्या हातून पेला निसटला. ती अनवाणीच काठावर धावली. पलीकडे माणसं होती खरी, पण कुणाच्या हाती भाला नव्हता. बादल्या होत्या. तरुण राजा स्वतः वाकून तिचा दगड रंगवत होता.

राणीचे डोळे भरून आले. तिने हाक मारली, "राजा, वरची बाजू राहिली!"

त्या साली गहू घरी आला, तोही शेजाऱ्याच्या होड्यांतून.

तात्पर्य: शेजाऱ्याची शीव जो राखतो, त्याची शीव राखायला शेजारी उभा राहतो.